चालत्या आज्ञावलीस नवें अंग कसें जोडतात

मुंबईहून नागपुराकडे येणारी आगगाडी कसारा स्टेशनांत उभी राहिली म्हणजे पुष्कळ वेळां तिच्या पाठीस दुसरीं एंजिनें येऊन लागतात, हें ज्यांनीं तो प्रवास केला असेल त्यांस ठाऊक असेलच. पुढें थळ घाट लागतो. त्या घाटांत लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. जड गाडी एकट्या पुढच्या एंजिनाच्या बळावर तो चढूं शकत नाहीं. मागून रेटा देणाऱ्या ह्या एंजिनांस रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. इगतपुरी आली कीं बँकर सुटतात, आणि गाडी नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा असे टप्पे घेत नागपुरास पोंचते. हींच एंजिनें मुंबईपासून नागपुरापर्यंत बरोबर बाळगलीं असतीं, तर इगतपुरीपुढील सुमारें ७०० किलोमीटर त्यांचें ओझें फुकट वाहावें लागलें असतें. आणि कसाऱ्यास मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीस तीं मिळालीं नसतीं, तें निराळेंच.

संगणकास जें काम सांगावयाचें त्याच्या क्रमवार आज्ञांच्या संचास आज्ञावली म्हणतात. आज्ञावल्यांच्या वाटेंतही असे घाट असतात. कोणास छापावयाचें असतें, कोणास चित्र उघडावयाचें असतें, कोणास मराठींत लिहावयाचें असतें. आणि हीं सर्व कामें सर्वांस सर्वकाळ लागतात असें नाहीं. आज्ञावली पुरी होऊन लोकांच्या हातीं गेल्यावर, ती चालू असतांनाच तिला नवें अंग जोडणें, आणि जमल्यास काम सरल्यावर सोडविणें, ही विद्या आज मोठमोठ्या आज्ञावल्यांत नित्य वापरली जाते. अशा अंगास ‘प्लगिन’ हें नांव रूढ झालें आहे. आपल्या मराठी अक्षरांचा ह्या विद्येशीं एके काळीं फार निकटचा संबंध आला होता. तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावा, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आज्ञावली ज्या भाषेंत लिहितात ती मनुष्यास वाचतां येते, परंतु यंत्रास ती कळत नाहीं. यंत्रास कळतात ते केवळ आंकडे. तेव्हां भाषांतर करणें आलें, आणि त्याच्या दोन रीती आहेत. एका रीतींत दुभाष्या यंत्राजवळ बसतो व एकेक वाक्य वाचून तेथल्या तेथें समजावून सांगतो. दुसऱ्या रीतींत सर्व मजकुराचें यंत्रभाषेंत अगोदरच भाषांतर करून ठेवतात. हें भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. डेनिस रिची ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘सी’ ही भाषा ह्या दुसऱ्या वर्गांतली. मागाहून आलेल्या ‘सी प्लस प्लस’, ‘गो’, ‘रस्ट’ ह्याही त्याच वर्गांतल्या. ह्या रीतीनें काम फार जलद होतें. मात्र अडचणही तींतच आहे. दुभाष्याच्या हातांत आयत्या वेळीं नवें पान ठेवलें तर तो तें वाचून दाखवील. छापून बांधून झालेल्या पुस्तकांत नवें प्रकरण घालावयाचें म्हणजे शिवण उसवावी लागते.

ही शिवण कशी असते तें पाहूं. मोठी आज्ञावली एकटाकी लिहिलेली नसते. तिचे शेंकडो तुकडे निरनिराळे लिहून निरनिराळे भाषांतरिलेले असतात. एका तुकड्यांत ‘येथें वर्गमूळ काढावें’ असें लिहिलेलें असतें, परंतु वर्गमूळ काढण्याच्या आज्ञा दुसऱ्याच तुकड्यांत असतात. एका विशिष्ट कामापुरत्या अशा आज्ञांच्या गटास फंक्शन म्हणतात, व पुष्कळ आज्ञावल्यांस उपयोगी पडणाऱ्या फंक्शनांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. पहिल्या तुकड्यास दुसऱ्याचें नांव तेवढें ठाऊक असतें, पत्ता ठाऊक नसतो. नांवाच्या जागीं पत्ता भरण्याचें हें काम सांधणाऱ्या आज्ञावलीचें असून तिला लिंकर म्हणतात.

आतां हा सांधा केव्हां करावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. कारखान्यांतच, म्हणजे आज्ञावली लोकांस देण्यापूर्वीं, तो करून टाकला तर सर्व कांहीं एका गांठोड्यांत बांधलें जातें. हें निर्धोक खरें, पण जड. आणि एकाच लायब्ररीच्या पन्नास प्रती पन्नास आज्ञावल्यांत पडून राहतात. दुसरा मार्ग असा कीं, लायब्ररी बाहेर सामायिक ठेवावी व आज्ञावली सुरू होतांना सांधा करावा. तिसरा मार्ग बँकराचा. आज्ञावली सुरू होऊन तासभर चालली आहे, आणि मध्येंच तिला कांहीं हवें झालें. तेवढ्यापुरतें तें शोधून, स्मृतींत आणून, जोडून घ्यावयाचें. ही कल्पना अगदीं अलीकडची नव्हे. १९६० च्या दशकांत अमेरिकेंत बांधलेल्या ‘मल्टिक्स’ ह्या यंत्रणेंत, एखाद्या फंक्शनाची प्रथम गरज लागे तेव्हांच त्याचा सांधा होत असे. युनिक्सच्या घराण्यांत ‘सन’ कंपनीच्या १९८८ सालच्या ‘सनओएस ४’ पासून ही सोय चांगली रुळली.

लिनक्सवर ह्यासाठीं मुख्य हांका तीन आहेत. पहिली ‘डीएलओपन’. हिला लायब्ररीच्या फाइलीचें नांव सांगावयाचें; ती फाइल शोधून चालत्या आज्ञावलीच्या स्मृतींत तिची जागा लावून दिली जाते. दुसरी ‘डीएलसिम’. हिला फंक्शनाचें नांव द्यावें म्हणजे ती त्याचा पत्ता परत देते. तिसरी ‘डीएलक्लोज’, काम संपलें असें ती कळविते. विंडोजमध्यें हींच कामें ‘लोडलायब्ररी’, ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ व ‘फ्रीलायब्ररी’ ह्या नांवांनीं होतात. ह्या तिहींत मर्माची हांक दुसरी. आज्ञावली लिहिणाऱ्यास ज्या फंक्शनाचा जन्मही झाला नव्हता, त्याचा पत्ता ती चालत्या आज्ञावलीच्या हातावर आणून ठेवते. पत्ता हा अखेरीस एक आंकडाच. त्या आंकड्याकडे जा व तेथील आज्ञा पाळ, एवढेंच यंत्रास सांगावयाचें उरतें.

येथें एक शंका चौकस विद्यार्थ्याच्या मनांत यावयास हवी. जोडलेल्या भागास आपण स्मृतींत कोठें उतरणार हें अगोदर माहीत नसतें. मग त्याच्या स्वतःच्या आज्ञांतील पत्ते बरोबर कसे ठरतात? ह्यावर तोड अशी आहे. ‘घर क्रमांक ४१२ मध्यें जा’ असें न लिहितां ‘येथून चार घरें सोडून पुढें जा’ असें लिहावयाचें. मग सारी आळी उचलून दुसरीकडे नेली तरी वाक्य खोटें होत नाहीं. आणि आळीबाहेरच्या घरांसाठीं एक छोटा तक्ता बरोबर ठेवावयाचा. सांधणारा येऊन त्या तक्त्यांत खरे पत्ते भरतो, आज्ञा तक्त्यांत पाहून चालतात. तिसऱ्या हांकेविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. एकच लायब्ररी चौघांनीं उघडली असेल तर यंत्रणा त्यांची मोजदाद ठेवते, आणि चौघांनींही ‘झालें’ म्हटल्याखेरीज ती हलवीत नाहीं. परंतु कोणी जुना पत्ता खिशांत ठेवून नंतर त्यावर गेला तर घर पडलेलें आणि जागा मोकळी, अशी गत होऊन आज्ञावली तत्काळ कोसळते. ह्या भयानें कित्येक शहाणे कारागीर एकदां जोडलेला भाग कधींच सोडवीत नाहींत.

आतां मराठी अक्षरांकडे येऊं. इंग्रजी लिहितांना एकापुढें एक अक्षर ठेवीत गेलें कीं काम भागतें. देवनागरीचें तसें नाहीं. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. युनिकोड ह्या आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें संगणकांत त्याचे दहा आंकडे सांठविलेले असतात: व, ऱ्हस्व इकार, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ ईकार. पण पडद्यावर काढतांना इकार ‘व’च्या आधीं यावयास पाहिजे, द व य ह्यांचें जोडाक्षर व्हावयास पाहिजे, आणि ‘थ’च्या आधीं बसलेल्या ‘र’चा रफार होऊन तो ‘थी’च्या डोक्यावर चढावयास पाहिजे. हें सर्व करणाऱ्या आज्ञा निराळ्याच लिहाव्या लागतात, आणि त्या अरबीस, थाईस किंवा कोरियन लिपीस चालत नाहींत. त्यांचे नियम त्यांच्यापाशीं.

पहिल्या काळांत ह्यावर इलाज झाला तो आज्ञावलीचा नव्हे, तर चक्क यंत्राचा. कानपूरच्या आय. आय. टी. त ‘जिस्ट’ ह्या तंत्राचा उगम झाला आणि १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें तें पुढें वाढविलें. जिस्टचें कार्ड संगणकाच्या खांचेंत खोचलें कीं पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. प्लगिन ह्या शब्दाचा मूळ अर्थ खोचणें. तेव्हां हें अक्षरशः प्लगिनच होतें म्हणावयाचें! पण प्रत्येक संगणकास कार्ड विकत घेणें सर्वांस परवडणारें नव्हतें, आणि पुढें संगणकांच्या अंगीं बळ आल्यावर तें काम आज्ञावलीनेंच करणें सोईचें ठरलें.

लिनक्सवरील पडद्याची आज्ञावली रचणारांपुढें २००० सालच्या सुमारास हा प्रश्न उभा राहिला. त्यांस देवनागरी, तमिळ, अरबी ह्या सर्व लिप्या स्वतः येणें शक्य नव्हतें. ओवेन टेलर प्रभृतींनीं ‘पँगो’ नांवाची लायब्ररी रचली. ‘पॅन’ म्हणजे ग्रीक भाषेंत सर्व, आणि ‘गो’ म्हणजे जपानींत भाषा. २००२ सालीं आलेल्या ‘ग्नोम २’ ह्या पडद्यावरील सर्व मजकूर तीच काढीत असे. पँगोच्या कर्त्यांनीं केलें तें असें कीं, लिपीचें ज्ञान मुख्य लायब्ररींत कोंबलेंच नाहीं. लिपीगणिक निराळा छोटा भाग भाषांतर करून एका निर्देशिकेंत ठेवला, आणि कोणता भाग कोणत्या लिपीचा ह्याची यादी एका साध्या फाइलींत लिहून ठेवली. मजकुरांत देवनागरीचा पहिला आंकडा भेटला कीं पँगो ती यादी पाही, ‘इंडिक’ नांवाचा भाग उघडी, त्यांत ठरलेल्या नांवाचीं फंक्शनें शोधी, आणि पुढील काम त्याच्या हातीं सोंपवी. केवळ इंग्रजी वाचणाऱ्या मनुष्याच्या संगणकांत तो भाग स्मृतींत येतच नसे.

ह्या व्यवस्थेचें मोल कोणतें, तें मराठी वाचकास एका उदाहरणानें सांगतां येईल. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्या दोन शब्दांत पहिला गुरूंविषयीं आहे व दुसरा स्वयंपाक्याविषयीं. दुसऱ्यांतील र रफार होऊन डोक्यावर जात नाहीं, तर आडवा होऊन य च्या अंगास चिकटतो. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ ह्यांतही तोच भेद. हिंदींत ह्या आडव्या रकाराचें काम पडत नाहीं. मराठींत, कोंकणींत व नेपाळींत पडतें. दूर देशीं बसलेल्या कर्त्यास ही गोष्ट स्वतः होऊन सुचावी, अशी अपेक्षा करणें व्यर्थ. दार उघडें ठेवणें मात्र त्याच्या हातीं असतें. मग लिपीचा जाणकार आपला भाग दुरुस्त करून आणून देतो, आणि मुख्य आज्ञावलीस पुन्हां कारखान्यांत जावें लागत नाहीं. कळफलकाविषयीं तर ह्याहून सोपी वाट निघाली. जपानांत रचलेल्या ‘एम १७ एन’ ह्या संग्रहास मराठीची ‘गमभन’ पद्धत शिकवावयास यंत्रभाषेंतला भागही लागला नाहीं. कोणती कळ दाबली असतां कोणतें अक्षर यावें ह्याचें नुसतें कोष्टक पुरलें. जेथें कोष्टकानें भागतें तेथें आज्ञा जोडूं नयेत, असें माझें मत आहे.

मात्र जोड मिळती असावी लागते. नागपुरी संत्र्याचें कलम करणारे बागवान जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, आणि तो धरतो. कारण दोघेही एका कुळांतले, साल व गाभा ह्यांमधला जिवंत थर एकमेकांस मिळतो. त्याच खुंटावर आंब्याचा डोळा कितीही कौशल्यानें बांधला तरी तो वाळून जाईल. आज्ञावलींतही मुख्य भाग व जोडभाग ह्यांनीं स्मृतींतील मांडणीविषयीं एकच करार पाळावा लागतो. समजा, मुख्य आज्ञावलींत विद्यार्थ्याच्या नोंदींत अगोदर हजेरीक्रमांक व मग गुण लिहिले आहेत; आणि जोडभाग जुन्या नमुन्याप्रमाणें भाषांतरिलेला असून त्यांत अगोदर गुण व मग क्रमांक आहेत. मग ४२ क्रमांकाच्या मुलास ४२ गुण मिळतील, व यंत्र चकार शब्द काढणार नाहीं. कंपायलरनें हें पकडावें, तर त्यानें दोन्ही भाग एकत्र पाहिलेलेच नाहींत. अशी मुकी चूक कोसळण्याहून वाईट.

हा करार पाळण्याच्या बाबतींत भाषांचे स्वभाव निरनिराळे आहेत. सी भाषेचा करार साधा व जुना असल्यामुळें वर्षानुवर्षें टिकला आहे. सी प्लस प्लसमध्यें फंक्शनाच्या नांवांत त्यास लागणाऱ्या वस्तूंचे प्रकारही गुंफून टाकतात, आणि गुंफण्याची पद्धत सर्व कंपायलरांची सारखी नसते. म्हणून जोडावयाच्या दारावर बहुधा सी पद्धतीचीच पाटी लावतात. रस्ट भाषा एका आवृत्तींतली अंतर्गत मांडणी दुसरींत कायम राहील असें वचनच देत नाहीं, तेव्हां तेथेंही सीचेंच दार वापरावें लागतें. गो भाषेनें फेब्रुवारी २०१७ मधील १.८ ह्या आवृत्तींत प्लगिनची सोय आणली. परंतु अट अशी कीं, दोन्ही भाग एकाच आवृत्तीच्या कंपायलरनें, व सामायिक लायब्रऱ्यांच्या त्याच त्याच आवृत्त्या घेऊन, बांधलेले असावेत. एकदां जोडलेला भाग तेथें सोडवितांही येत नाहीं, आणि विंडोजवर ती सोय नाहींच. हें म्हणजे खुंट आणि डोळा एकाच झाडाचे पाहिजेत म्हणण्यासारखें झालें. पुष्कळ लोक त्यापेक्षां जोडभाग निराळी आज्ञावली म्हणून चालवितात, व दोघींत निरोपांची देवघेव ठेवतात. वेळ थोडा अधिक लागतो. पण एक पडली तर दुसरी उभी राहते. चित्रें रंगविण्याच्या ‘गिंप’ ह्या आज्ञावलीचीं प्लगिनें अशींच वेगळीं चालतात.

वेगळें ठेवण्यास दुसरेंही कारण आहे. स्मृतींत जोडून घेतलेला भाग पाहुणा राहत नाहीं, घरचा होतो. मुख्य आज्ञावलीस जे अधिकार ते सर्व त्यास मिळतात. ह्याचा परिणाम काय होऊं शकतो तें २०२४ सालीं जगानें पाहिलें. ‘एक्सझेड’ नांवाची मजकूर दाबून लहान करणारी एक लायब्ररी आहे. तिच्या कामांत एका टोपणनांवाच्या मनुष्यानें दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास संपादन केला, आणि ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत गुप्त आज्ञा पेरल्या. दूरच्या संगणकांत प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’ ह्या द्वारपालाचा त्या लायब्ररीशीं वस्तुतः कांहीं संबंध नाहीं. परंतु कांहीं लिनक्स वितरणांत द्वारपाल ‘सिस्टिमडी’च्या लायब्ररीस जोडलेला होता, आणि ती लायब्ररी एक्सझेडला जोडलेली होती, त्यामुळें तो सुरू होतांच तिन्ही भाग एका घरांत येत. ही चोरी पकडली आन्द्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यानें. द्वारपालास आंत घेण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यास संशय आला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें तें जाहीर केलें. बहुतेक संगणकांवर त्या आवृत्त्या अद्याप पोंचलेल्या नव्हत्या, म्हणून अनर्थ टळला. ह्यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, एक्सझेड सुरुवातीसच न जोडतां खरोखर गरज पडेल तेव्हांच उघडावी, असा बदल सिस्टिमडीच्या कर्त्यांनीं हा प्रकार उजेडांत येण्याच्या कांहीं आठवडे आधींच हातीं घेतला होता. द्वारपालास ती गरज कधींच पडत नाहीं. तेव्हां आयत्या वेळीं जोडण्याच्या रीतीनें धोका वाढतोच असें नव्हे. कोठें कोठें ती दार बंद ठेवण्याच्याही कामीं येते.

पँगोची गोष्ट सांगावयाची थोडी राहिली. लिपीलिपीचे निरनिराळे भाग सांभाळतां सांभाळतां कर्त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अक्षरें जुळविण्याचें हें काम सर्वांसच लागतें, आणि तें एकाच ठिकाणीं नीट केलेलें बरें. २०१२ पासून पँगोनें ‘हार्फबझ’ ह्या लायब्ररीवर भिस्त ठेवली, व पुढें कांहीं वर्षांनीं ते जोडभाग काढूनच टाकले. हार्फबझ हें नांव फारशी आहे. हर्फ म्हणजे अक्षर. ‘एक हरफही काढला नाहीं’ असें आपण म्हणतों तोच हा शब्द. बाझ म्हणजे उघडें. आज कित्येक मोबाइलांत व ब्राउझरांत मराठी मजकूर ह्याच लायब्ररीनें जुळतो. प्लगिन म्हणून जें दाराशीं आलें तें शेवटीं घरांत वसलें, आणि तें योग्यच झालें असें मला वाटतें. कारण घाट रोजचाच झाला म्हणजे मोठें एंजिन कायमचें घेणें परवडतें.

ज्यांच्या घरीं किंवा शाळेंत लिनक्सचा संगणक आहे त्यांस हा सर्व प्रकार डोळ्यांनीं पाहतां येईल. ‘प्रोक’ नांवाच्या निर्देशिकेंत प्रत्येक चालत्या आज्ञावलीच्या क्रमांकाची एक उपनिर्देशिका असते, व तींत ‘मॅप्स’ नांवाची फाइल असते. तिच्या दरेक ओळींत स्मृतीचा एक पट्टा, त्यावरील अधिकार, आणि तो कोणत्या फाइलींतून आला तें नांव दिलेलें आढळेल. ज्या नांवांत ‘एसओ’ हीं दोन अक्षरें आहेत त्या सामायिक लायब्रऱ्या होत. ‘जीटीके ३’ वर रचलेला एखादा साधा मजकूर-संपादक उघडा व ही यादी उतरून ठेवा. मग त्यांतील छपाईची खिडकी एकवार उघडून यादी पुन्हां पाहा. मुद्रकाशीं बोलणाऱ्या ज्या भागाचा मघाशीं पत्ताही नव्हता, तो ‘प्रिंटबॅकएंड’ ह्या नांवानें यादींत आलेला दिसेल.